केळकर संग्रहालय: रेखाटनवही घेऊन जावे असे ठिकाण

पुण्यातील बाजीराव रस्त्याजवळचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पर्यटकांच्या यादीत असतेच. परंतु चित्रकार, वस्तुरचनाकार आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी ते घाईने पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ उभारलेल्या या संग्रहात सुमारे २०,००० वस्तू असून त्यांपैकी थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात.

येथील खरे धन म्हणजे रोजच्या वापरातील वस्तू. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. दोन दांड्या आणि एक खीळ यांपलीकडे त्याला काही लागत नाही. तरीही त्याच दांड्यांतून कारागिरांनी पक्षी, प्राणी आणि माणसे अशी घडवली आहेत की, पाते उघडताना आकृतीचा डौलही बदलावा. टाच घासण्याच्या पितळी वज्रीची मूठसुद्धा सजवलेली दिसते, आणि ती सजावट पकडीच्या आड येत नाही. आजच्या रचनाकारांनी नेमके हेच निरखावे. दिवे, दौती, कुंकवाचे करंडे आणि कोरीव दारे यांतून नक्षीचे अगणित नमुने मिळतात.

कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेल्या मस्तानी महालापाशी गर्दी रेंगाळते. तो देखणा आहेच, पण वेळ कमी असल्यास मी अडकित्त्यांनाच प्राधान्य देईन. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे आणि छायाचित्रणापेक्षा पेन्सिलीवर भिस्त ठेवावी.