प्लेटिंगच्या सांडपाण्याला चुना की कॉस्टिक?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या प्लेटिंग (धातूचा मुलामा देणाऱ्या) युनिटांत निकेल, जस्त आणि क्रोमियम एकाच टाकीत येतात. चुना किंवा कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) घालून पीएच वाढवला की हे धातू हायड्रॉक्साइडचा गाळ होऊन खाली बसतात. षट्संयुजी क्रोमियम असेल तर आधी पीएच २-३ वर मेटाबायसल्फाइटने क्षपण करा, म्हणजे ते गाळात उतरणारं त्रिसंयुजी क्रोमियम होतं. त्याशिवाय दोन्ही पर्याय व्यर्थ.

कॉस्टिक लगेच काम करतो, डोसिंग पंपाने देणं सोपं. पण तो पडतो तिथे क्षणभर पीएच फार वर जातो आणि हायड्रॉक्साइड जेलीसारखं, पाणी धरून ठेवणारं बनतं. असा गाळ हळू बसतो, गाळातलं पाणी पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसचं कापड लवकर तुंबवतो.

चुन्याची निवळी नव्हे, ५-१० टक्के चुन्याची ढवळती स्लरी (गढूळ मिश्रण) द्या. तो हळू विरघळतो, २०-३० मिनिटं लागतात. गाळ घट्ट, पण वजनाने जास्त, आणि सल्फेट भरपूर असेल तर जिप्सम पाइपात थर धरतं.

क्रोमियम पीएच ८ च्या आसपास गाळात उतरतं, निकेलला १० लागतो. ११ कडे गेलात की जस्त परत विरघळतं. म्हणून ९.५ ते १० वर थांबा. ताजं हायड्रॉक्साइड मुरताना पीएच थोडा घसरू शकतो. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, मगच गाळाचे कण एकत्र बांधणारं पॉलिमर घाला. जागा असेल तर आमची पसंती चुन्याला.