१५० नगांची रंगपेटी: वॉर्डातल्या खाटेवर कितपत चालते?

वाढदिवस असो, दिवाळी असो की कुणाची पुण्यतिथी, मुलांच्या कॅन्सर वॉर्डात देणगीदार हमखास एक वस्तू घेऊन येतात: सुटकेससारखी उघडणारी, प्लॅस्टिकची १५० नगांची रंगपेटी. बाजारात साधारण पाचशे-सातशे रुपयांत मिळते आणि दिसते झकास. हे परीक्षण तिचंच, पण केमो चालू असलेल्या, एका हाताला सलाईन लागलेल्या मुलाच्या खाटेवरचं.

पहिली अडचण आकाराची. पेटीचे पंख उघडले की कार्डियाक टेबलावर (खाटेवर सरकवायचं छोटं टेबल) कागदाला जागाच उरत नाही, म्हणून पेटी मांडीवर येते. खोबण्या उथळ असतात. मूल जरा कुशीवर वळलं की निम्मे खडू चादरीत. शिवाय १५० हा आकडा फुगवलेला. क्लिपा, पट्टी, खोडरबर हेही नगच धरलेले असतात.

स्केचपेन मुलांना सगळ्यात आधी हवे असतात. ते चालवायला जोर लागत नाही, पण टोपण काढायला लागतो, आणि घोडं तिथेच अडतं. रक्ताच्या कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या व्हिन्क्रिस्टीन या औषधामुळे बोटांच्या नसांवर परिणाम होतो. शर्टाचं बटण लागत नाही, चिमटीत धरलेलं सुटतं. अशा मुलाने टोपण दातांनी ओढायच्या आत आपण ते सैल करून द्यावं. सॅनिटायझरचा हात ओला असताना कागदाला लागला की शाई पसरते, तेव्हा हात पूर्ण वाळू द्यायचा. मुली स्केचपेनने नखं रंगवतात, हेही ध्यानात ठेवा: ऑक्सिजन मोजणारा चिमटा त्याच बोटाला लागतो आणि गडद रंगाने आकडा चुकू शकतो. लाल पेन आम्ही तर काढूनच ठेवतो. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाला पटकन रक्तस्राव होतो, त्यामुळे त्याच्या ओठावर लाल डाग दिसला की रक्त समजून सिस्टर धावत येणारच.

पेटीतली खरी कामाची वस्तू म्हणजे तेलखडू. हलक्या हातानेही भरघोस रंग उमटतो, डाव्या हाताने ओढलेली रेघसुद्धा जिवंत दिसते. फक्त या पेटीतले खडू फार बारीक असतात, पकडीत येत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. खडूचं कागदी वेष्टन सोलून टाकायचं (ते पुसता येत नाही, मळ धरून ठेवतं). टोकाकडचा दोन सेंटिमीटर भाग मोकळा ठेवून बाकीच्यावर स्वच्छ गॉज (जखमेवर बांधायचं जाळीदार कापड) गुंडाळायचं, अंगठ्याएवढी जाडी झाली की वरून मायक्रोपोर ही कागदी चिकटपट्टी. चार रंगांना एवढं केलं तरी पुरे. कागद क्लिपबोर्डवर चारही कडांनी चिकटवायचा, कारण दुसरा हात सुईचा, तो कागद धरू शकत नाही. बोर्डाखाली उशी दिली की उतार मिळतो आणि मान दुखत नाही. खडू एका मुलाचे ते त्याचेच. गॉज मळलं की बदलायचं.

जलरंगाच्या वड्या सरळ काढून टाका. दोष रंगाचा नाही, ब्रश बुडवायच्या पाण्याचा. साठलेल्या पाण्यात स्युडोमोनाससारखे जंतू वाढतात, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेलेल्या मुलाला ते झेपत नाहीत. रंगीत पेन्सिलींना जोरही लागतो आणि टोकही सारखं करावं लागतं. शार्पनरचं पातं प्लेटलेट कमी असताना खाटेवर नकोच. मेणखडू कडक असल्याने रंग फिका येतो.

पेटीवर नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ छापलेलं असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. आयएस ९८७३ (भारतीय) किंवा ईएन ७१ (युरोपीय) असं खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या मानकाचं नाव छापलंय का, ते बघा. झाकण उघडल्यावर उग्र वास आला तर पेटी परत करा. केमोनंतर मळमळणाऱ्या मुलाला तेवढ्यानेही उलटी होऊ शकते.

आमच्या हिशेबाने ५ पैकी २ गुण, तेही तेलखडूंच्या जिवावर. त्याच पैशात मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात सुटं सामान घ्या: जाड तेलखडूंची १२ ची डबी, अल्कोहोल स्वॅबने पुसता येतील असे प्लॅस्टिकचे खडू, ए-४ आकाराचा जाडसर ड्रॉइंग पॅड, क्लिपबोर्ड आणि झिपची पिशवी. सगळं सीलबंदच आणा, वापरलेलं नको. पंधरा-वीस मिनिटांत मूल थकतं, चित्र अर्धं राहतं. मागे तारीख घालून ते पिशवीत ठेवता येतं, पेटीत मात्र कागदाला कप्पाच नाही.

पेटी आधीच घेऊन झाली असेल तर ती गावी आजीकडे राहिलेल्या भावंडाला पाठवा. त्याच्यापाशी पसरायला जमीन असते, वड्या भिजवायला पाणी असतं, आणि या सगळ्या गडबडीत त्याच्यासाठी सहसा कुणी काही आणलेलं नसतं.