पळण्याची नोंदवही स्प्रेडशीटमध्ये ठेवून आठ महिने झाले, भागाकाराने किती छळलं ते सांगते

आठ महिन्यांपूर्वी पळायचं ॲप काढून टाकलं आणि म्हणलं आपलीच शीट करू, तारीख, किलोमीटर, लागलेला वेळ, आणि शेवटच्या कॉलमला पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती वेळ. एक भागाकार फक्त. त्यात काय चुकणार?

पहिल्याच दिवशी ३० मिनिटांत ५ किलोमीटर, फॉर्म्युला =सी२/बी२ (सी मध्ये वेळ, बी मध्ये किलोमीटर), आणि उत्तर आलं ०.००. परत टाइप केलं, परत ०.००. दशांश वाढवायचं बटण दाबत गेले तेव्हा ०.००४१६६६७ दिसलं. मला वाटलं भागाकारच गंडलाय. गंडलं काहीच नव्हतं, स्प्रेडशीटला वेळ म्हणजे दिवसाचा भाग असतो, पूर्ण दिवस १, दुपारचे बारा ०.५, आणि ३० मिनिटं म्हणजे ३० भागिले १४४०, साधारण ०.०२०८. त्याला ५ ने भागलं की जे यायला पाहिजे तेच आलं होतं. सेलचा फॉरमॅट वेळेचा केला आणि ०:०६:०० समोर हजर, सहा मिनिटं. सरळ आकड्यात मिनिटं हवी असतील तर फॉर्म्युल्याला १४४० ने गुणायचं आणि फॉरमॅट साध्या नंबरचा ठेवायचा. आणि हो, ३० मिनिटं टाकायला ३०:०० लिहू नका, ते तीस तास धरतं, ०:३०:०० लिहायचं. माझ्या पहिल्या आठवड्याच्या निम्म्या नोंदी अशा तीस तासांच्या होत्या 😅

मग आले सुट्टीचे दिवस. ज्या दिवशी पळाले नाही तिथे किलोमीटरचा सेल रिकामा, रिकामा सेल भागाकारात शून्य धरला जातो, म्हणून तिथे #डिव्ह/०!, म्हणजे शून्याने भागल्याची एरर. दिसायला घाण दिसतं म्हणून मी सगळ्या कॉलमला इफएरर लावलं, एरर आली तर ० दाखव. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. चार दिवस पळाले, चारही दिवस सहाचा पेस, तीन दिवस सुट्टी, आणि आठवड्याची सरासरी काय तर ३ मिनिटं २६ सेकंद! या वेगाने मी पळत असते तर शीट भरायला वेगळा माणूस ठेवला असता. ॲव्हरेज फंक्शन शून्य मोजतं, मजकूर सोडून देतं, त्यामुळे आता =इफ(बी२=०,"",सी२/बी२) असं लिहिते, त्यातलं "" म्हणजे रिकामा मजकूर, म्हणजे सुट्टीच्या दिवशी सेल कोरा दिसतो आणि सरासरीत येत नाही. फक्त त्या कोऱ्या सेलमध्ये पुढे अधिक-उणे करायला गेलात तर मजकुराचं गणित होत नाही म्हणून #व्हॅल्यू! एरर येणार, तेवढं लक्षात ठेवा.

इफएररचा दुसरा त्रास जास्त वाईट, कारण ते सगळ्याच चुका पोटात घालतं. एकदा घाईत ५.२ च्या जागी ५,२ टाइप झालं, माझ्या सेटिंगमध्ये तो आकडा नाही, मजकूर झाला, भागाकार फसला, आणि इफएररने गुपचूप शून्य दाखवलं. महिनाभर कळलं नाही. कळलं ते असं की बाकीचे आकडे सेलच्या उजव्या कडेला आणि हा एकटाच डावीकडे चिकटलेला. तेव्हापासून भागाकार अडला की आधी आकडा कुठल्या बाजूला बसलाय ते बघते.

महिन्याचं टार्गेट १०० किलोमीटर जी१ मध्ये ठेवलं होतं, त्यातले किती टक्के झाले म्हणून =बी२/जी१ लिहून खाली ओढलं तर पहिली ओळ बरोबर आणि खाली सगळी डिव्ह/० ची रांग, कारण जी१ चं जी२, जी३ होत गेलं आणि ते रिकामे. $जी$१ लिहिलं, डॉलरमुळे सेल जागचा हलत नाही, संपला विषय.

दशांश लपवायचा घोळ सगळ्यांना एकदा तरी होतोच. २.४ आणि २.४ किलोमीटर, दशांश काढून टाकले, शीटवर २ अधिक २ बरोबर ५. बेरीज बरोबरच आहे, आत ४.८ आहे, बटणाने फक्त दिसणं बदलतं. मग मी शहाणपणा करून प्रत्येक ओळीला राउंड लावलं, म्हणजे आकडाच खरोखर पूर्णांक करून टाकला, तर बेरीज ४ आली, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या वर गायब. राउंड करायचंच तर शेवटच्या उत्तराला करा. दिसतंय तेवढंच खरं मानायची एक सेटिंगही असते पण एक्सेलमध्ये ती चालू केली की हाताने टाकलेल्या आकड्यांचे न दिसणारे दशांश कायमचे कापले जातात, नंतर बंद करूनही परत येत नाहीत. कॉपीवर करून बघा, मूळ फाइलवर नको.

पण सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही की एरर नसतानाही उत्तर चुकीचं असू शकतं. एक दिवस २ किलोमीटर १० मिनिटांत, दुसऱ्या दिवशी १० किलोमीटर ७० मिनिटांत. पेस ५ आणि ७, सरासरी ६, छान वाटतं ना? आता एकूण ८० मिनिटं भागिले १२ किलोमीटर करा, ६ मिनिटं ४० सेकंद येतात. पाच महिने मी स्वतःला किलोमीटरमागे असे काही सेकंद फुकट बहाल करत होते. आता सरासरीच्या सेलमध्ये एकूण वेळ भागिले एकूण किलोमीटर, बास.

एकूण वेळ २४ तासांच्या वर गेला की मात्र घड्याळ परत शून्यावरून सुरू होतं, २६ तास पळाले तर २:०० दिसतं. फॉरमॅटमध्ये तासाचं अक्षर चौकोनी कंसात टाकलं की पूर्ण २६:०० दिसतात. मी ते केलं सातव्या महिन्यात, तोपर्यंत वाटायचं आपण इतक्या महिन्यांत फारसं पळतच नाही.