जिन्याखालची वाईनची खोली: कूलिंग युनिटचा आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकमध्ये आमच्या बंगल्यात जिन्याखाली सहा बाय पाच फुटांची खोली आहे. गेल्या नोव्हेंबरात तिथे वाईनसाठी भिंतीत बसणारं कूलिंग युनिट लावलं. आता जुलै आहे, म्हणजे हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा तिन्ही पाहून झाले.

साधा एसी का नाही, हे सगळे विचारतात. घरातला एसी १६ अंशांच्या खाली सहसा उतरत नाही, शिवाय हवा कोरडी करतो. वाईनला १२ ते १४ अंश आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता लागते. हवा कोरडी राहिली की बूच सुकतं आणि बाटलीत हवा शिरते.

भिंतींना आणि जिन्याच्या पोटाला ५० मिलिमीटरच्या एक्सपीएस शीट (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) लावल्या. गवंडी प्लास्टिकचा कागद शीटच्या आतल्या अंगाला लावायला निघाला होता, त्याला थांबवलं. ओल बाहेरच्या उबदार हवेतून आत येते, म्हणून कागद भिंत आणि शीट यांच्या मध्येच हवा. उलटा लावला तर शीटमागे पाणी धरतं.

एवढी काळजी घेऊनही खरी चूक वेगळीच झाली. युनिटची पाठ मागच्या अडगळीच्या खोलीत उघडते. त्या खोलीला खिडकी नाही, दारही कायम बंद. थंडीत काही जाणवलं नाही. मार्चच्या शेवटी मात्र १४ वर लावलेलं युनिट १९ दाखवू लागलं आणि कॉम्प्रेसर बंदच होईना. मेकॅनिक आला, म्हणाला गॅस कमी झालाय, भरावा लागेल. मी एक रात्र थांबायला सांगितलं. अडगळीच्या खोलीत थर्मामीटर ठेवला तर ४३ अंश! रात्रभर तिचं दार उघडं ठेवलं, सकाळी वाईनची खोली १५ वर आली होती. गॅसला काहीच झालेलं नव्हतं.

युनिट आतली उष्णता ओढून मागे टाकतं, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णताही मिसळते. ती बाहेर गेली नाही, तर तीच तापलेली हवा युनिट पुन्हा ओढून घेतं. मग अडगळीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत, छताजवळ सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवला आणि दाराच्या तळाशी लाकडी जाळी कापून घेतली. हॉलमधली हवा खालून येते, गरम हवा वरून निघून जाते. फॅनला थर्मोस्टॅट आहे, ३० अंशांना तो सुरू होतो. युनिटच्या पाठीला टेकवून ठेवलेल्या सुटकेसही हलवल्या, आता तिथे फूटभर जागा मोकळी असते.

मे महिन्यात बाहेर ४० होतं, तेव्हा दुपारी खोली १५-१६ पर्यंत चढायची आणि रात्री १४ वर यायची. भर उन्हाळ्यात एवढं जमतंय, यावर मी समाधानी आहे. युनिट घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकात बाहेरचं कमाल तापमान किती चालतं ते जरूर बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोच आकडा कामाला येतो, किती बाटल्यांसाठी आहे हा नाही.

कंडेन्सरच्या, म्हणजे युनिटच्या पाठीकडे उष्णता सोडणाऱ्या भागाच्या, जाळीवर धूळ फार बसते. दर महिन्याला वीज बंद करून रंगाच्या जुन्या ब्रशने ती झाडतो. पाणी जाण्याच्या नळीला उतार हवा. आमची मध्येच लोंबत होती, जूनमध्ये फरशीवर पाणी आलं. पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर गेली आणि दोन लेबलांवर बुरशी दिसली. दाराच्या रबरात एका कोपऱ्यात फट होती, ते रबर बदलल्यावर आकडा ७० च्या आसपास आलाय. लेबलं कोरड्या फडक्याने पुसून घेतली.