स्कोफिल्ड रेफरन्स बायबल: टिपांसकट विकत घेतलेले पवित्र शास्त्र

माझ्या आईचे मराठी पवित्र शास्त्र बायबल सोसायटीने छापलेले आहे आणि एखाददुसरा पाठभेद सोडला, तर त्यात वचनांखेरीज काहीही नाही. लंडनमध्ये १८०४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने टीप किंवा भाष्य न जोडता शास्त्र छापण्याचा नियम घालून घेतला होता, कारण निरनिराळ्या पंथांची माणसे एकत्र येऊन ते काम करत होती आणि भाष्य आले की मतभेद येणार हे त्यांना ठाऊक होते. त्या नियमाचा परिणाम आमच्या उपासनेत आजही दिसतो. शास्त्रपाठ आधी होतो, तो संपल्यावर पाळक उपदेशाला उभे राहतात, आणि उपदेश पटला नाही तर घरी जाताना तसे बोलून दाखवता येते. गेले वर्षभर मी जे इंग्रजी बायबल वापरते आहे, त्यात मात्र शास्त्र आणि उपदेश एकाच पानावर, एका बारीक रेघेच्या वर आणि खाली छापलेले आहेत. त्याचे नाव स्कोफिल्ड रेफरन्स बायबल. अमेरिकेच्या इस्राएलविषयक राजकारणात बायबलची वचने इतक्या सहजपणे का येतात, हे समजून घ्यायचे असेल, तर हे पुस्तक एकदा तरी हाताळावे असे माझे मत झाले आहे.

सायरस स्कोफिल्ड यांचा जन्म १८४३ सालचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते दक्षिणेकडून लढले, पुढे कॅन्ससमध्ये वकिली केली, आणि १८७९च्या सुमारास त्यांचे मनपरिवर्तन झाल्यानंतर डॅलसमधील एका काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक झाले. (नगर जिल्ह्यात ज्या अमेरिकन मराठी मिशनने आमच्या पणजोबांच्या पिढीला शिकवले, तेही मुळात काँग्रिगेशनल परंपरेचेच होते, पण तिकडून आमच्याकडे ही टिपांची पद्धत आली नाही, याचे मला आता समाधान वाटते.) त्यांचे बायबल १९०९ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या न्यूयॉर्क शाखेने छापले आणि १९१७ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मूळ पाठ किंग जेम्स या जुन्या, मान्यवर इंग्रजी भाषांतराचा, आणि छापणारी संस्था ऑक्सफर्डची. खेड्यातल्या अमेरिकन वाचकाच्या हातात हे पुस्तक पडले, तेव्हा तळातल्या टिपांनाही त्या दोन नावांचे वजन आपोआप मिळाले असणार.

वस्तू म्हणून पाहिले तर हे काम फार कष्टाने केलेले आहे. पानावर वचनांचे दोन स्तंभ आहेत आणि मधल्या अरुंद पट्टीत एका विषयाची वचने साखळीसारखी एकमेकांना जोडलेली आहेत, त्यामुळे ‘विश्वास’ किंवा ‘कृपा’ हा शब्द धरून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सहज जाता येते. प्रत्येक पुस्तकाला छोटी प्रस्तावना आहे आणि परिच्छेदांना मथळे आहेत. वचन पाठ करून उपदेश तयार करणाऱ्या पाळकाला याहून सोयीचे साधन त्या काळात क्वचितच मिळाले असेल. माझी १९१७ची प्रत जुनी, वापरलेली आहे. तिची शिवण सुटत आली असली, तरी अक्षर आजही स्वच्छ वाचता येते. १९६७ची नवी आवृत्ती मी वाचनालयातून आणली. ती एका संपादक समितीने तयार केली असून तिच्यात किंग जेम्समधले काही जुने शब्द बदलून मूळ शब्द समासात दिले आहेत. वाचायला ती अधिक सोपी आहे.

आता टिपांकडे येते. स्कोफिल्ड यांनी देवाच्या कारभाराचे सात कालखंड मानले आहेत: निष्पापपणा, विवेक, मानवी शासन, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. ही मांडणी त्यांची स्वतःची नव्हे. तिचा मुख्य प्रवर्तक जॉन नेल्सन डार्बी (१८०० ते १८८२) हा ब्रदरन पंथाचा पुढारी होता. इस्राएल आणि मंडळी (म्हणजे ख्रिस्ती विश्वासणारे) यांच्यासाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना आहेत, मंडळी आधी मेघारूढ होऊन वर घेतली जाईल, नंतर सात वर्षांचे महासंकट येईल आणि त्यानंतर ख्रिस्ताचे सहस्र वर्षांचे राज्य सुरू होईल, हा क्रम त्याच्या शिकवणुकीतून पसरला. डार्बीचे ग्रंथ सामान्य माणसाने वाचले नसते. स्कोफिल्ड यांनी तीच शिकवण वचनांच्या पायाशी आणून ठेवली आणि म्हणून ती लाखो घरांत पोहोचली.

सर्वाधिक वेळ मी उत्पत्तीच्या १२व्या अध्यायातील तिसऱ्या वचनावर घालवला. तिथे देव अब्रामाला सांगतो की तुझे जे अभीष्ट चिंततील त्यांचे मी अभीष्ट करीन. वचनात अब्राम आहे, आणि शेवटी पृथ्वीवरील सर्व कुळांना मिळणारा आशीर्वाद आहे. १९१७ची टीप सांगते की यहुद्यांच्या पांगापांगीच्या इतिहासात हे वचन विलक्षण रीतीने पूर्ण झाले: ज्या लोकांनी यहुद्यांना छळले त्यांचे नेहमी वाईट झाले, ज्यांनी रक्षण केले त्यांचे भले झाले, आणि पुढे हे तत्त्व आणखी ठळकपणे सिद्ध होईल. या टिपेला न्याय द्यायचा तर आधी हे मान्य केले पाहिजे की रशियात यहुद्यांच्या कत्तली होत होत्या त्याच काळातील हे लिखाण आहे, आणि छळ करणाऱ्यांना ते स्पष्ट शब्दांत बजावते. आमच्या कोकणात बेने इस्राएल हे यहुदी लोक तेलाचे घाणे चालवत, शनिवार पाळत शतकानुशतके शेजाऱ्यांसोबत राहिले आणि त्यासाठी कोणाला अशी टीप वाचावी लागली नाही; पण युरोपचा इतिहास तसा नव्हता, आणि त्या इतिहासासमोर ही टीप मला चांगल्या हेतूची वाटते.

अडचण पुढे येते. १९६७च्या आवृत्तीत याच ठिकाणी असे वाक्य आले की एखाद्या राष्ट्राने यहुदीद्वेषाचे पाप केले तर त्यावर न्यायदंड अटळ आहे. यहुदीद्वेष पाप आहे, यात मला शंका नाही. परंतु माणसाच्या वागण्याबद्दलचे वचन आता राष्ट्रांच्या धोरणाबद्दलचे झाले, आणि तेही १९४८ साली स्थापन झालेले इस्राएल हे राज्य नकाशावर असताना. त्यामुळे त्या राज्याच्या सरकारवर केलेली टीका आणि यहुदी माणसाचा द्वेष यांत फरक करण्याची जागा वाचकाच्या मनात फार अरुंद राहिली. जून २०२५ मध्ये टेक्ससचे सिनेटर टेड क्रूझ एका मुलाखतीत म्हणाले की इस्राएलला आशीर्वाद देणाऱ्यांना आशीर्वाद मिळतो असे आपण संडे स्कूलमध्ये शिकलो. हे बायबलमध्ये कुठे आहे असे विचारल्यावर त्यांना संदर्भ सांगता आला नाही. मी ती मुलाखत पाहिली तेव्हा हे पुस्तक माझ्या टेबलावर उघडे होते. त्यांच्या स्मरणात राहिले ते अब्रामाला दिलेले वचन नव्हते. त्याचा लावलेला अर्थ राहिला होता, आणि तो त्यांना वचनच वाटत होता.

अर्थात सगळे ओझे स्कोफिल्ड यांच्यावर टाकणे चूक होईल. त्यांच्या आधी, मार्च १८९१ मध्ये, शिकागोचे धर्मप्रचारक विल्यम ब्लॅकस्टोन यांनी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांना अर्ज दिला होता की यहुद्यांना पॅलेस्टाइन परत मिळावा म्हणून प्रयत्न करावा. त्यावर ४१३ प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या, त्यांत जॉन रॉकफेलर आणि जे. पी. मॉर्गन हे धनाढ्य होते, आणि यहुद्यांसाठी पॅलेस्टाइनमध्ये मायभूमी मागणारी बासेलची पहिली झिओनिस्ट परिषद तेव्हा सहा वर्षे दूर होती. स्वतः डार्बीच्या परंपरेत तर जग बुडतेच आहे, तेव्हा राजकारणात पडू नये, अशी वृत्ती दीर्घकाळ होती. पास्टर जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना १९७९ साली निघाली आणि ही वृत्ती मागे पडली. ऑक्टोबर १९८४ मध्ये निवडणुकीतील प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांच्याबरोबरच्या वादसभेत राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना, अण्वस्त्रयुद्धाकडे आपण हर्मगिदोन, म्हणजे बायबलमधील अंतिम युद्ध, म्हणून पाहता का, असा प्रश्न विचारला गेला. त्या भाकितांवर आपण धर्मपंडितांशी बोललो असलो तरी त्यानुसार बेत आखले नाहीत, असे त्यांनी उत्तर दिले. असा प्रश्न विचारावा लागला, हीच गोष्ट मला बोलकी वाटते.

यहेज्केलच्या ३८व्या अध्यायाची टीप या पार्श्वभूमीवर वाचावी. इस्राएलवर चालून येणारा शत्रू, मागोगचा गोग, याचा संदर्भ उत्तरेकडील, रशियाच्या नेतृत्वाखालील युरोपीय सत्तांकडे आहे यावर सर्वांचे एकमत आहे, असे तिथे म्हटले आहे, आणि मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे टोबोल्स्क असा मेळ घातला आहे. हे नावांच्या उच्चारावरून काढलेले अनुमान आहे. अश्शूरी शिलालेखांत मुश्की आणि तबाल हे लोक आजच्या तुर्कस्तानात येतात, आणि बहुतेक अभ्यासक तिकडेच बोट दाखवतात. टीप लिहिली गेली तेव्हा रशियात झार होता. १९१७च्या क्रांतीनंतर आणि पुढे शीतयुद्धात तिला जे बळ मिळाले, त्याची कल्पना लेखकालाही नसेल. १९६७च्या आवृत्तीतही रशिया जागचा हललेला नाही. ‘सर्वांचे एकमत आहे’ हे शब्द जिथे तिथे सावध राहावे, हा धडा मला या एका टिपेने दिला.

दानीएलच्या ९व्या अध्यायातील सत्तर सप्तकांबद्दल (एक सप्तक म्हणजे सात वर्षे असे स्कोफिल्ड मानतात) तर जास्तच सावध राहावे लागते. एकोणसत्तराव्या आणि सत्तराव्या सप्तकांमध्ये संपूर्ण मंडळीचे युग बसवले आहे, आणि उरलेल्या सात वर्षांच्या आरंभी एक दुष्ट राजा यहुद्यांशी करार करील असे सांगितले आहे. वचनात ही पोकळी लिहिलेली नाही. ती मानली, की मध्यपूर्वेत शांतता करार घडवू पाहणारा कोणीही ख्रिस्तविरोधी असू शकतो, असा संशय भाविकाच्या मनात शिरतो. दानीएलच्या दृष्टांतातील दहा शिंगांचे राज्य म्हणजे युरोपीय समुदाय (आजच्या युरोपीय संघाचे आधीचे रूप), असे उपदेश एके काळी खूप झाले. १९८१ साली ग्रीस दहावा सदस्य झाला तेव्हा ते खरे वाटले असतील, आणि १९८६ साली स्पेन आणि पोर्तुगाल आल्यावर सदस्य बारा झाले.

मला सर्वांत जास्त दुखावले ते दोन टिपांनी. मत्तयच्या ५व्या अध्यायाखाली १९१७ची आवृत्ती म्हणते की डोंगरावरील प्रवचन त्याच्या प्राथमिक अर्थाने मंडळीचे कर्तव्य सांगत नाही. ते येणाऱ्या राज्यासाठी आहे, ख्रिस्ती माणसाला त्यातून सुंदर नैतिक बोध मात्र घेता येतो. म्हणजे ‘शांती करणारे ते धन्य’ हे आज पाळायची आज्ञा म्हणून माझ्यासमोर राहत नाही. दुसरी टीप उत्पत्तीच्या ९व्या अध्यायाची. नोहाचा मुलगा हाम याच्यापासून हीन आणि दास्य करणारी संतती निर्माण होईल असे भाकीत तिथे आहे, असे ती सांगते. ज्या घराण्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवण्यासाठी एके काळी धर्मग्रंथांचेच दाखले दिले गेले, त्यांतल्या एका घराण्याची मी आहे. ज्यांना हामाचे वंशज मानले जाई त्या अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दल हे वाक्य शास्त्राच्या पानावर छापून विकले जात होते, हे वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस उघडले नाही. १९६७च्या समितीने ‘हीन’ हा शब्द काढून टाकला आणि गोष्ट कनानाच्या वंशजांपुरती ठेवली. मत्तयच्या टिपेचीही भाषा सौम्य केली. ही दुरुस्ती योग्यच आहे. पण जे अर्ध्या शतकानंतर बदलता आले ते देववचन नव्हते, हे त्याच दुरुस्तीने दाखवून दिले.

या टिपांची परंपरा आज किती दूर पोहोचली आहे, याचे दृश्य १४ मे २०१८ रोजी दिसले. अमेरिकेचा दूतावास यरुशलेमेत उघडला तेव्हा प्रारंभीची प्रार्थना पास्टर रॉबर्ट जेफ्रेस यांनी आणि समारोपाची पास्टर जॉन हेगी यांनी केली. हेगी यांनी २००६ साली ‘ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्राएल’ ही संघटना उभी केली. त्याच २००६ सालच्या ऑगस्टमध्ये यरुशलेमेचे लॅटिन (रोमन कॅथलिक) पॅट्रिआर्क मिशेल सब्बा आणि तिथल्या सिरियन ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन व ल्यूथरन मंडळ्यांच्या प्रमुखांनी निवेदन काढून ख्रिस्ती झिओनवाद (बायबलच्या आधारे इस्राएल राज्याला पाठिंबा देण्याचे मत) ही खोटी शिकवण असल्याचे जाहीर केले. त्या भूमीत आजही उपासना करणाऱ्या अरब ख्रिस्ती लोकांना स्कोफिल्ड यांच्या आराखड्यात जागाच दिलेली नाही, आणि ही माझ्या दृष्टीने या पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव आहे.

घ्यायचे असल्यास १९१७चे घ्यावे, कारण त्यात विचार उघडा दिसतो. त्याच्या टिपा इंटरनेटवर विनामूल्यही वाचता येतात, म्हणून फक्त मजकूर हवा असेल तर पैसे खर्च करण्याची गरज नाही. मधल्या पट्टीतील साखळी-संदर्भांसाठी मात्र छापील प्रत हवीच. नवशिक्या विश्वासणाऱ्याला पहिले बायबल म्हणून मी ते देणार नाही.

आमच्या अभ्यासगटात आम्ही एक पद्धत करून पाहिली. आधी आईच्या मराठी शास्त्रातून अध्याय वाचायचा, प्रत्येकाने समजलेला अर्थ वहीत लिहायचा, आणि नंतर मी स्कोफिल्डची टीप मराठीत सांगायची. यहेज्केल ३८ वाचून झाल्यावर अकरा वह्यांपैकी एकीतही रशिया नव्हता. टीप सांगितल्यावर तिघांनी तो लिहून घेतला, आणि पुढच्या आठवड्यात उजळणी करताना त्यांपैकी एका काकांनी ते यहेज्केलचे वचन म्हणून सांगितले. आम्ही वही आणि शास्त्र शेजारी ठेवून त्यांना दोन्ही पुन्हा वाचायला दिली. प्रकटीकरण अजून सुरू करायचे आहे. तोवर स्कोफिल्डची प्रत कपाटात राहील.