जुन्या पॅटर्नचा फ्रॉक: तान्ह्या पोळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

पोरीने तान्ह्या पोळ्याला पहिल्यांदा घातला हा फ्रॉक, आता ऊन तापायला लागलं तरी घालूनच राहिली, शाळेतून आली की तोच पाहिजे. शिवल्याबरोबर तर सगळेच छान म्हणतात, कपडा कसा आहे ते धुऊन धुऊनच कळते, म्हणून आता लिहिते.

पॅटर्न, म्हणजे कापड कापायचे कागदी साचे, 1940 च्या दशकातला, अमेरिकन. पीडीएफ घेतली आणि हिंगणघाटला झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून पानं चिकटवली. तिथं 'फिट टू पेज' अजिबात करू देऊ नका, 100 टक्क्यावरच काढायला लावा आणि पानावरचा मापाचा चौकोन टेपने मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावू नका. एबेनेझर बटरिक नावाच्या टेलरने 1863 मध्ये असे मापामापाचे कागदी पॅटर्न विकायला काढले, त्यानंतर कितीतरी वर्षं बऱ्याच पॅटर्नवर छापील रेषा नसायच्या, नुसती भोकं असायची. माझाही तसलाच. कोणतं भोक टक्सचं (शिवायच्या चिमट्यांचं), कोणतं उभ्या धाग्याचं, हे सूचनांच्या कागदावरून आधी पेन्सिलने लिहून घ्या, खूप सोपं जाते.

नंबर म्हणजे वय नाही बरं का. छाती मोजा, त्यावरून पॅटर्न घ्या. आणि सैलपणा त्यात आधीच धरलेला असतो, आपल्याकडे टेलर वाढत्या अंगाचं म्हणून चारी बाजूंनी वाढवतात तसं इथं करू नका, मुंढा (बाही जोडायची गोलाई) खांद्यावरून उतरते. वाढीची सोय त्यांनी खाली केलेली आहे, घेराला चांगली 3 इंचाची दुमड! मला या पॅटर्नचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच. मध्ये पोरगी उंच झाली तर तुरपाई उसवून दीड इंच सोडली, जुन्या घडीची रेघ दिसत होती तिच्यावर झिगझॅग लेस मारली, आता ती मुद्दाम लावल्यासारखीच वाटते.

शिलाईचं मार्जिन अर्धा इंच. आमच्या गावात ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशीन) नाही, तर बाजूच्या शिलाया आधी सुलट बाजूने पाव इंचावर मारल्या, मग उलटून परत पाव इंचावर, धागे आतल्या आत बंद. इतक्या धुण्यात एकही दशी निघाली नाही. मुंढ्याला हे करू नका, चुन्यांनी जाड होते आणि लेकराच्या काखेत टोचते, तिथं पातळ उरेप, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावा.

तक्रार आहे ती फुग्याच्या बाहीची. दंडाला घट्ट पट्टी आहे, थंडीत ठीक, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने रुतते. मी पट्टी काढून सैल इलॅस्टिक घातलं. पीटर पॅन (गोल टोकांची) कॉलर मात्र अजून बसून आहे, इस्त्री नसली तरी वळत नाही, कारण त्यात आतून दुसरं कापड आहे आणि कडेला कापे देऊन मगच उलटवायला सांगितलं आहे. तो कंटाळा करूच नका.

कापड साधं कॉटन घेतलं, रात्रभर भिजवून, वाळवून मग कापलं. सूचनांमधला कापडाचा हिशोब 35-36 इंच पन्ह्याचा आहे, आता 44 चा मिळते, म्हणून जमिनीवर तुकडे मांडून बघा आणि मगच दुकानात जा. माझ्या उरलेल्या कापडात केसांची पट्टी निघाली, आणि पुढच्या नंबरचा पॅटर्न घेऊनही ठेवला आहे, तो बिनबाहीचा.