विद्यापीठाच्या टीव्ही सेंटरसोबत नान्नजच्या माळावर शूटिंग केलं, त्याचा रिव्ह्यू

मी सोलापुरात कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. मागच्या वर्षी एका सरकारी विद्यापीठाच्या शैक्षणिक टीव्ही सेंटरने माळरानावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम केला, त्यात विषयतज्ज्ञ म्हणून मी होते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रार आहे आणि तिथली माणसं खूप मनापासून काम करतात, त्यांना त्रास नको. पण तेव्हापासून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंय की बोलावणं आलं तर जावं का, वेळ किती जातो, त्याचा उपयोग होतो का, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

आधी थोडं मागचं सांगते. युजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर १५ ऑगस्ट १९८४ ला सुरू झाले आणि ते बनवायला निवडक विद्यापीठांत स्टुडिओ उभे राहिले, पुण्यातही झाला. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, दुपारी हे कार्यक्रम लागायचे आणि मी एकटीच समोर बसायचे. पेशी, ज्वालामुखी, मुंग्यांचं वारूळ असं काय काय दाखवायचे, चित्रं कळायची पण बोलणं सगळं इंग्रजी, त्यामुळे निम्मं डोक्यावरून जायचं. तरी सायन्सला जायचं मी तिथेच ठरवलं. आता हेच काम स्वयंप्रभा या सरकारी शैक्षणिक चॅनेल्सवर चालतं, २०१७ पासून, डीडी फ्री डिशवर महिन्याच्या रिचार्जशिवाय दिसतं, आणि रोज चार तास नवीन दाखवून तेच दिवसभर परत परत लावतात, म्हणजे सकाळी शेतात गेलेल्या पोराला रात्री बघता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते.

तर मुद्द्याचं. मला वाटलं होतं स्टुडिओत बोलावतील, मागे हिरवा पडदा लावतील, समोर टेलिप्रॉम्प्टर आणि मी वाचून दाखवेन, झालं. असे कार्यक्रम खूप बनतात आणि खरं सांगायचं तर ते बघवत नाहीत, चाळीस मिनिटं एकाच खुर्चीत एकच सर. पण आमच्या प्रोड्यूसर मॅडमनी पहिल्याच फोनवर सांगितलं, वर्गात जे दाखवता येत नाही तेवढंच आपण दाखवू, बाकीचं पुस्तकात आहे. माझी अकरा पानांची नोट त्यांनी परत पाठवली. पानाचे दोन भाग करा म्हणाल्या, डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. लिहायला बसले तेव्हा कळलं की माझं डावीकडचं सगळं रिकामं आहे! वीस वर्षं शिकवतेय पण दाखवायचं काय याचा विचारच केला नव्हता. तीन वेळा लिहिलं, मग दुसऱ्या विषयतज्ज्ञांनी तपासलं, मग मॅडम स्वतः येऊन जागा बघून गेल्या आणि त्यानंतर शूटिंगची तारीख ठरली.

नान्नज सोलापूरहून वीसेक किलोमीटर, बार्शी रोडला, माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे तिथे. परवानग्या काढल्या होत्या. पहाटे साडेचारला निघालो कारण एप्रिलमध्ये आपल्याकडे नऊनंतर कॅमेऱ्यात नुसती धग दिसते, जमीन हलल्यासारखी. कॅमेरामन दादांनी दोन तास फक्त गवत घेतलं. पवन्या, मारवेल, कुसळी, प्रत्येकाचं वेगळं, कुसळीचं टोक तर इतक्या जवळून की ते पायमोज्यात कसं घुसतं ते पोरांना एका नजरेत कळेल. मी म्हणत होते काळवीट घ्या की, तिकडे कळप उभा आहे, तर ते म्हणाले काळवीट पळतं मॅडम, पण ते कशावर जगतं ते आधी घेऊ दे.

आणि साउंडवाल्या मुलाने एक गोष्ट केली ती मी विसरणार नाही. त्याने सगळ्यांना थांबवलं आणि एक मिनिट कुणी हलायचंसुद्धा नाही म्हणाला. एडिटिंगला तिथला नुसता आवाज लागतो म्हणे, बोलण्याच्या मधे भरायला. आम्ही आठ माणसं माळावर पुतळ्यासारखी उभी. वारा, गवताची सळसळ, वरती कुठेतरी चंडोल. इतकी वर्षं पोरांना घेऊन तिथे जातेय, एक मिनिट गप्प कधी राहिले नव्हते.

मग वॉचमन मामा. साठीच्या पुढचे, सगळी हयात त्याच भागात गेलेली. नाष्ट्याला कडक भाकरी, शेंगा चटणी सोडली होती आणि मामा माळढोकबद्दल सहज बोलायला लागले, "आमी त्याला हूम म्हणताव मॅडम. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवतंय आन हूम करतंय, लई लांबनं ऐकू येतंय बगा. अंडं एकच, ते पन उगड्यावर, घरटं न्हाई काय न्हाई." दादांनी हातातली भाकरी तशीच ठेवून कॅमेरा सुरू केला. आता माळढोक दिसणं किती दुर्मिळ झालंय ते आपल्याला माहितीये, २०११ पासून तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, २०१२ ला ते १,२२२ वर आलं. हे आकडे मी कार्यक्रमात सांगितलेत. पण मामांच्या त्या तीन मिनिटांपुढे माझे आकडे काहीच नाहीत, हे मला एडिटिंग टेबलावर बसून स्वतःला दिसलं.

रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, बघायला जी कमिटी बसली तिथे एकांनी विचारलं, हे गृहस्थ विषयतज्ज्ञ आहेत का, नसतील तर काढा. प्रोड्यूसर मॅडम शांतपणे म्हणाल्या, सर, या पक्ष्याचा आवाज प्रत्यक्ष ऐकलेला या कार्यक्रमात दुसरा कोण आहे? मामा राहिले. अशा वेळी उभा राहणारा प्रोड्यूसर मिळणं हेच या सेंटरचं खरं भांडवल आहे. खाजगी शिकवणी ॲपवाला वीस सेकंद गवत दाखवणार नाही, तो प्रश्न-उत्तरं आणि ट्रिक्स देणार.

ॲनिमेशन पण उत्तम. माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतो हे पोरं पाठ करतात, पण का धडकतो? त्याला बाजूचं चांगलं दिसतं, थेट समोरचं कमी दिसतं, आणि नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं त्यामुळे तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही. हे त्यांनी पक्ष्याच्या नजरेतून दाखवलंय, दोन्ही बाजूला माळ, मधे अंधार आणि अचानक तार. वर्गात लावलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा एकदम "अरे" म्हणाली.

आता तक्रार. इतकं करून कार्यक्रम इंग्रजीत गेला. मामांच्या आवाजावर इंग्रजी आवाज चढवला, खाली मराठी बारीक बारीक ऐकू येते, तीही नीट नाही. त्यांचं म्हणणं, देशभर दाखवायचं तर इंग्रजीच लागते. ते मला पटतं, पण मग मराठी आवृत्ती पण करा ना, रशेस, म्हणजे मूळ शूटिंग, तुमच्याकडे आहेत, आवाज आहे, माणूस आहे! ज्या जमिनीवर शूटिंग केलं तिथल्याच पोरांना तो नीट कळणार नाही, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी मी टीव्हीसमोर बसून जे चुकवलं तेच माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला. माझे निम्मे विद्यार्थी मोहोळ, बार्शी, अक्कलकोटच्या गावांतून येतात, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेले, हुशार आहेत, पण इंग्रजी निवेदन वेगाने गेलं की पेन खाली ठेवतात.

दुसरं, ऑनलाइन टाकताना नावात माळढोक नाही, सोलापूर नाही, नान्नज नाही. नुसता पेपरचा कोड आणि मॉड्यूल नंबर. कुणाला सापडणार? एवढी मेहनत करून शेवटच्या दहा मिनिटांच्या कामाला कुणी वाली नाही. मानधन यायला सात महिने लागले, रक्कम मोठी नव्हतीच पण मामांचं तरी लवकर द्यायला हवं होतं, त्यांच्यासाठी मला दोनदा फोन करावा लागला.

बोलावलं तर जा, नक्की जा. तीनचार महिने अधूनमधून वेळ जाईल. चेक्सचा शर्ट किंवा बारीक रेघांची साडी नेसू नका, कॅमेऱ्यात लहरी येतात. आणि करारावर सही करायच्या आधी मराठी आवृत्तीचं लेखी मागून घ्या, मी तेव्हा मागितलं नाही.

आता मीच मराठी निवेदन लिहून काढलंय, २८ मिनिटांचं, चित्राला चित्र जुळवून. मामांच्या भागात एक शब्दही लिहिला नाही, तिथे त्यांचाच मूळ आवाज ठेवा असं पत्रात कळवलंय. प्रोड्यूसर मॅडमचा फोन आला होता, स्टुडिओची तारीख बघते म्हणाल्या.